लेडी डॉक्टरच हवी. पण ती येणार कुठून?

घरातल्या बाईला काही त्रास सुरू झाला की आपल्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न 'काय होतंय?' हा नसतो. 'तिथे लेडी डॉक्टर आहे का?' हा असतो. असे विचारणाऱ्यांना मागास ठरवण्याची एक फॅशन आहे. आम्हाला ती मान्य नाही. शरीराची इतकी खाजगी तपासणी कोणाकडून करून घ्यायची हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचाच आहे, आणि आपल्या शेजारच्या बिगरमुस्लिम आजीबाईही हाच प्रश्न विचारतात. तेव्हा मागणी रास्त आहे. प्रश्न पुढचा आहे. ही लेडी डॉक्टर आपण कोणाच्या घरातून मागतो आहोत?

जरा हिशेब करू. मुलगी बारावी होते तेव्हा अठरा वर्षांची असते. पहिल्याच प्रयत्नात नीटमध्ये चांगले गुण पडले असे धरू. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष. मग पदव्युत्तर प्रवेशाची नीट, जी बहुतेकांना एका फटक्यात जमत नाही. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची एमएस किंवा एमडी तीन वर्षांची. सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्राची सेवा वेगळी. म्हणजे काहीही न अडता सगळे पार पडले तरी स्त्रीरोगतज्ज्ञाची पाटी दारावर लागायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे वय होते. आपल्या घरात मात्र एफवायला गेलेल्या मुलीसाठी रिश्ते यायला लागतात आणि तेवीसाव्या वर्षी 'अजून झालं नाही?' असे खाला-फुफी विचारू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हा आकडा सर्व समाजांचा मिळून आहे, पण त्यात आपण नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

आणि लग्न झाले तरी गोष्ट संपत नाही. बाळंतपण घड्याळ बघून येत नाही. रात्री अडीच वाजता फोन वाजतो, नाळ गळ्याभोवती आहे, बाळाचे ठोके कमी होताहेत, ताबडतोब सिझेरियन करायचे आहे. हे काम करणारी सून किती घरांना चालेल? म्हणून एमबीबीएस झालेल्या हुशार मुलींनासुद्धा घरून सल्ला मिळतो की बेटा, स्किनचं कर, पॅथॉलॉजी कर, रात्रीची ड्युटी नको. सल्ला देणाऱ्यांना स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणाला मात्र लेडी डॉक्टरच लागते. रात्री अडीचला ती यायला हवी, फक्त ती दुसऱ्याच्या घरची हवी.

ही परिस्थिती नवी नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्यानंतर त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले, १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेतली. परत येऊन प्रॅक्टिस सुरू करण्याआधीच क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्याच १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. पारशी दानशूराच्या पैशातून उभे राहिलेले, स्त्रियांसाठीचे, स्त्री डॉक्टरांनी चालवायचे. पहिली प्रमुख डॉक्टर इंग्लंडहून आणावी लागली, कारण इथे कोणी नव्हतीच. बालपणी झालेले लग्न नाकारून कोर्टात लढलेल्या रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि त्यांनी सुरत-राजकोटमध्ये पुढची कित्येक वर्षे बायकांवर उपचार केले. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाणार नाहीत, ही तेव्हाची अडचण हिंदू, मुस्लिम, पारशी सगळ्यांची होती. ज्या समाजांनी तिच्यावर उपाय म्हणून आपल्या मुली शिकवल्या, त्यांची अडचण कमी होत गेली.

स्त्रीरोगतज्ज्ञाचे काम म्हणजे फक्त बाळंतपण आणि नसबंदी, हा समज मोडायला मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. तो मोडणाऱ्या डॉक्टर महाराष्ट्रातल्याच आहेत. डॉ. राणी बंग नागपूरला एमडी झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि पती डॉ. अभय बंग यांच्याबरोबर गडचिरोलीत येऊन राहिल्या. मुंबई-पुण्यात उत्तम चालली असती अशी प्रॅक्टिस त्यांनी केली नाही. गडचिरोली हा तेव्हा राज्यातला अगदी नवा, मागास जिल्हा. तिथल्या बायका त्यांच्याशी बोलू लागल्या, आणि बाळंतपण सोडून भलतेच काही सांगू लागल्या. अंगावरून पांढरे जाते, कंबर भरून येते, पाळी थांबत नाही, संबंधाच्या वेळी दुखते. कागदावर याची कुठेच नोंद नव्हती. सरकारी दवाखान्याच्या लेखी बाई एकतर गरोदर असे, नाहीतर कुटुंबनियोजनाचे लक्ष्य.

मग त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची पाहणी केली. दुखणे घेऊन दवाखान्यात आलेल्या बायका न निवडता गावातल्या बायका, तक्रार असो वा नसो, तपासल्या. एकूण ६५०. निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना धक्का बसला. ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी एका बाईमागे ३.६ रोग. निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे, म्हणजे साध्या औषधांनी बहुतांशी बरे होणारे. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या किती, तर फक्त ८ टक्के.

यातला आम्हाला सर्वांत जास्त बोचणारा आकडा वेगळाच आहे. ४५ टक्के बायकांनी आपल्याला काही तक्रार नाही असे सांगितले होते. एकूण आजारी मात्र ९२ टक्के निघाल्या. म्हणजे तक्रार नसलेल्यांमध्येही बहुतेक जणी आजारी होत्या. काही रोग लक्षणे दाखवत नाहीत हे खरे. पण आईला होते, सासूला होते, जावेला होते, ते दुखणे कोणी दुखणे म्हणून सांगत नाही, हेही तितकेच खरे असावे. पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत जगाने लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्य ही भाषा स्वीकारली, त्यामागच्या पुराव्यांत गडचिरोलीचा हा अभ्यास होता. डॉ. बंग यांचे 'कानोसा' हे पुस्तक मराठीत आहे. आपल्या वाचकांपैकी मुलींनी ते वाचावेच, मुलांनी तर आधी वाचावे.

गडचिरोलीच्या गोंड बाईचे आणि मालेगावच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागवाल्याच्या घरातल्या बाईचे काय नाते, असे कोणी विचारेल. नाते न बोलण्याचे आहे. आपल्याकडे त्याला आपण 'हया' म्हणतो. हया ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती प्रश्न विचारण्याच्या आड यावी असे कोणी सांगितले? अन्सारी स्त्रियांची हजरत आयेशांनी स्तुती केली ती याचसाठी, की लाज त्यांच्या ज्ञानाच्या आड आली नाही. त्या थेट पैगंबर साहेबांकडे जाऊन पाळीनंतरच्या आंघोळीबद्दल विचारत. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी तर रक्त थांबतच नाही अशी तक्रार मांडली, आणि ही पाळी नव्हे, हा शिरेतून होणारा रक्तस्राव आहे असे उत्तर त्यांना मिळाले. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेत एका बाईने भर वस्तीत विचारलेला हा प्रश्न हदीसच्या ग्रंथांत जपून ठेवला गेला. फिकहमध्ये 'हैज' म्हणजे नेहमीची पाळी आणि 'इस्तिहाजा' म्हणजे पाळीबाहेरचा रक्तस्राव असा भेद आहे. आपल्या घराघरांत असलेल्या 'बहिश्ती जेवर'मध्ये त्यावर मसले आहेत. म्हणजे जास्त रक्तस्राव ही वेगळी अवस्था आहे हे आपल्या आजीलाही माहीत होते.

पण आपण त्या भेदाचा उपयोग कशाला केला? नमाज पढायची की नाही एवढे ठरवायला. दहा दिवसांच्या वर रक्त जात असेल तर नमाजचे काय, हे विचारायला घरातली बाई मौलाना साहेबांच्या बायकोकडे जाते. ते का जाते आहे हे विचारायला डॉक्टरकडे जात नाही. पहिला प्रश्न विचारू नये असे नाही, दुसराही विचारावा. सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणे, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, यातले काहीही असेल तर तपासणी हवी. पाळी कायमची थांबल्यानंतर वर्षभराने पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. अम्मीला हे विचारायची जबाबदारी आता तुमची आहे, ती स्वतःहून सांगणार नाही.

रक्त जात राहते आणि अंगातले लोह संपत जाते. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात 'आळशी झाली आहे'. आपल्या समाजाच्या लेकरांची मोजदाद करणारे नेते निवडणुकीगणिक उगवतात. मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मधल्या ४.४ वरून २०१९-२१ मध्ये २.४ वर आला, हे ते सांगत नाहीत. आपण त्यांना उत्तर देण्यात इतके गुंतलो, की आपल्या बहिणीचे हिमोग्लोबिन किती आहे हे आपणही मोजले नाही.

रमजानचे एक सांगायला हवे. पाळीत रोजा नाही, नंतर त्याची कजा करायची, हे सर्वांना माहीत आहे. तरी कित्येक घरांत मुली त्या दिवसांत भावांसमोर रोजा असल्याचे नाटक करतात, सहरीला उठतात, दिवसभर पाणीसुद्धा चोरून पितात. जी सवलत अल्लाहने दिली ती भावापासून लपवायची, हे कोणते धर्मपालन? दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. तीसही रोजे पूर्ण व्हावेत किंवा उमऱ्याच्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून परस्पर पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणल्या जातात. डॉक्टरने विचारपूस करून दिल्या तर त्या बहुतेकींना थोड्या दिवसांसाठी चालतात. पण ज्यांना पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे, यकृताचा आजार आहे, एका विशिष्ट प्रकारची अर्धशिशी आहे, त्यांना त्या घातक ठरू शकतात. मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घ्यावी, अशी ही गोळी नव्हे.

आता लग्न न झालेल्या मुलींकडे येऊ, कारण लेडी डॉक्टर मिळाली तरी त्यांच्यासाठी दार बंदच असते. एकोणीस वर्षांच्या मुलीला तीन-तीन महिने पाळी येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढते. हे पीसीओएस असू शकते. बीजकोषातून दर महिन्याला बीज सुटत नाही, पुरुषी संप्रेरके वाढतात, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. वेळीच लक्ष दिले तर खाणे, व्यायाम आणि गरजेप्रमाणे गोळ्या यांनी ते ताब्यात राहते, दुर्लक्ष केले तर पुढे मधुमेहाचा धोका. दुसरी एखादी पाळीत इतकी कळवळते की कॉलेज बुडते, उलट्या होतात. तिला एंडोमेट्रिओसिस असू शकतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे दहापैकी एकीला तो असतो. दोघींनाही घरून उत्तर मात्र एकच मिळते, 'लग्न झालं की ठीक होईल.' निकाह हा निकाह आहे, औषध नाही. आणि त्या दवाखान्याच्या बाकावर कुणी ओळखीच्याने पाहिले तर लोक काय म्हणतील, या भीतीने ही दुखणी पाच-पाच, सात-सात वर्षे दाबून ठेवली जातात.

त्या दाराआड काय होते हे माहीत नसल्यामुळेही भीती वाढते. तिथे आधी प्रश्न विचारतात. पाळी कधी आली, किती दिवस, किती दुखते. म्हणून तारखा मोबाइलमध्ये नोंदवून न्याव्यात. मग वजन, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी साधारणपणे पोटावरूनच करतात, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते, त्रास एवढाच. आतून तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. सोबत आई, बहीण किंवा नर्स असावी असे तुम्ही सांगू शकता, आणि एखादी गोष्ट आईसमोर बोलायची नसेल तर पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे असेही सांगू शकता. लेडी डॉक्टर नसेलच तर? गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास धर्माची आडकाठी नाही, यावर उलमांमध्ये फारसा वाद नाही. रक्तस्राव होत असलेल्या बाईला लेडी डॉक्टरच्या शोधात शहरभर फिरवणे ही दीनदारी नव्हे.

मूल होत नाही या विषयावर फार लिहायचे नाही, कारण दोष कुठे आहे हे स्पष्ट आहे. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचेही कारण असते. वीर्यतपासणी ही त्यातली सर्वांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी. तरीही बाईच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शने, दर्ग्याचे धागे, दुसऱ्या निकाहच्या धमक्या सगळे होऊन जाते आणि नवरा लॅबची पायरी चढत नाही. तरुण मित्रांनो, ही तपासणी आधी तुम्ही करायची आहे.

उलट टोकाचा धोका म्हणजे गरज नसताना गर्भाशय काढून टाकणे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणींचे वय तिशीचे. सुट्टी घेतली की मजुरी कापली जाते, पांढरे जाण्यावर वेळेत उपचार नाही, आणि 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. पांढऱ्या पाण्याला पिशवी काढणे हा उपाय नाही. महिन्याच्या मध्यावर थोडे स्वच्छ पाणी जाणे नैसर्गिक आहे. वास, खाज, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणे असेल तर तो बहुधा संसर्ग, आणि त्यावर गोळ्या आहेत. कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नका. कॅन्सरची भीती खरोखर असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली आहे. नऊ ते चौदा हे तिचे सर्वांत योग्य वय. ती दिल्याने मूल होत नाही ही व्हॉट्सअॅपवरची थाप आहे.

दवाखान्यांकडूनही आमची अपेक्षा आहे. बुरखा पाहून 'कितवं?' असे तोंड वाकडे करून विचारणे, प्रसूतीच्या टेबलावर शेरे मारणे, मराठी बोलणाऱ्या बाईशी तुटक हिंदीत ओरडणे, हे अनुभव आपल्या बहिणी सांगतात. कामाचा ताण असतो, मान्य. पण एकदा अपमान झालेली बाई पुढच्या वेळी दुखणे घरीच सोसते, आणि तिची सून तिच्याकडूनच शिकते. डॉ. राणी बंग यांच्याकडे गडचिरोलीत मोठी यंत्रे नव्हती. त्या आधी ऐकत होत्या.

हे ऐकणे आपल्या बोलीत, आपल्या मोहल्ल्यातून आलेल्या मुलीने केले तर अर्धे काम तिथेच होते. आज ते काम काही प्रमाणात आपल्या युनानी शिकलेल्या मुली करतात. बायका त्यांच्याकडे मोकळ्या होतात, आणि वेळीच पुढे पाठवणारी बीयूएमएस डॉक्टर कित्येकींचा जीव वाचवते. पण सिझेरियन करायला, गाठ काढायला सर्जन लागते, आणि तिथे आपल्या मुली फार थोड्या दिसतात.

पैशाचे कारण दरवेळी पुढे येते, आणि खाजगी कॉलेजची फी पाहिली तर ते खोटेही नाही. पण २०२४-२५ पासून राज्य सरकार ८ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण भरते, वैद्यकीय धरून. तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अडते ते कागदांवर. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा सापडत नाही, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते, आणि जात पडताळणीचा अर्ज नीटचा निकाल लागल्यावर केला जातो. तोपर्यंत प्रवेशाची फेरी निघून जाते. गावच्या शाळेचे जुने रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद, सातबारा, चुलत आजोबांचा दाखला, जे मिळेल ते मुलगी दहावी झाल्याच्या सुट्टीतच गोळा करायला घ्या. हे काम भावाने करावे. तहसीलच्या खिडकीवर चार फेऱ्या मारायला त्याच्याकडे वेळ असतो.